अनेक हातांची कचेरी

कचेरी म्हटली की तिच्यात टेबले, खुर्च्या आणि कपाटे आलीच. परंतु कचेरीचा खरा प्राण म्हणजे तिचे दप्तर. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, नोंदवह्या आणि सभेपुढे मांडावयाची निवेदने यांवाचून कोणत्याही संस्थेचा गाडा एक दिवसही चालावयाचा नाही. गेल्या चाळीस वर्षांत या दप्तराचा बहुतेक भाग संगणकाच्या पोटात गेला आहे. पत्र लिहिण्यासाठी एक, हिशेबासाठी दुसरा, सचित्र निवेदनासाठी तिसरा, असे जे प्रोग्राम एकत्र बांधून दिलेले असतात, त्यांच्या समूहास ऑफिस संच असे म्हणतात. हे संच कंपन्या तयार करतात आणि लोक ते विकत घेतात, हा रोजचा व्यवहार झाला. तथापि एक संच असाही आहे की, तो घेण्यास मोल पडत नाही, त्याची घडण कोणासही उघडून पाहता येते, आणि ज्याला ती सुधारण्याची इच्छा व कुवत असेल त्याला ती सुधारताही येते. त्याचे नाव लिब्रे-ऑफिस. फ्रेंच व स्पॅनिश भाषांत ‘लिब्रे’ म्हणजे मुक्त. हे नाव त्याला हौसेने मिळालेले नाही. त्यामागे एक वाद आहे.

या संचाचा उगम जर्मनीत झाला. ल्यूनेबर्ग या गावी १९८५ साली मार्को ब्योरीस या अवघ्या सोळा वर्षांच्या मुलाने ‘स्टार डिव्हिजन’ नावाची कंपनी काढली. घरगुती संगणकावर पत्र लिहिता यावे म्हणून या कंपनीने ‘स्टार-रायटर’ हा प्रोग्राम तयार केला. पुढे त्याला हिशेबाच्या तक्त्यांची व चित्रांची जोड मिळाली, आणि ‘स्टार-ऑफिस’ हा पूर्ण संच उभा राहिला. १९९९ साली अमेरिकेतील ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ या कंपनीने स्टार डिव्हिजन विकत घेतली. हजारो नोकरांच्या संगणकांसाठी दुसऱ्याचा संच विकत घेत बसण्यापेक्षा संच करणारी कंपनीच घेणे स्वस्त पडले, असे या व्यवहाराविषयी कौतुकाने सांगतात.

सन कंपनीने एक धाडसाचे पाऊल टाकले. १९ जुलै २००० रोजी तिने जाहीर केले की, या संचाची मूळ आज्ञावली जगाला खुली केली जाईल. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती खुली झालीही. मूळ आज्ञावली म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. विकत घेतलेला प्रोग्राम हा शिजवून आणलेल्या पक्वान्नासारखा असतो. ते खाता येते, परंतु त्यात काय किती घातले आहे ते कळत नाही. मूळ आज्ञावली म्हणजे त्या पक्वान्नाची कृती. ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असते, आणि यंत्राकडून तिचे रूपांतर करवून घेतले म्हणजे चालू शकणारा प्रोग्राम तयार होतो. कृती हाती आली की मीठ कमी करता येते, शेजाऱ्याला पदार्थ शिकवता येतो, आणि आवडले नाही तर निराळा पदार्थही रांधता येतो. या सर्व गोष्टींची लेखी मुभा देणारा परवाना आज्ञावलीबरोबरच देण्यात आला होता. पुढील इतिहासात या परवान्याला फार महत्त्व आले.

खुल्या झालेल्या कामाचे नाव ‘ओपनऑफिस’ असे ठेवण्यात आले आणि २००२ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. देशोदेशींचे लोक मदतीस आले. कोणी दोष शोधले, कोणी आपल्या भाषेत संचाचे रूपांतर केले, कोणी शिकणाऱ्यांसाठी पुस्तिका लिहिल्या. परंतु या प्रशस्त घराला एक अरुंद दार होते. बाहेरच्या माणसाने लिहिलेली आज्ञावली मूळ संचात घेण्यापूर्वी तिच्या मालकीहक्कात सन कंपनीला भागीदार करून घेणाऱ्या करारावर त्याला सही करावी लागे. कंपनीचे म्हणणे सर्वस्वी अयोग्य होते असे नाही. हजारो माणसांनी लिहिलेल्या कामाचा हक्क एके ठिकाणी असला तर कोर्टकचेरीच्या प्रसंगी त्याचे रक्षण करणे सोपे जाते. उलट, कष्ट करणारे विचारीत की, काम सर्वांचे, तर हक्क एकाच कंपनीच्या तिजोरीत का? शिवाय सुधारणा स्वीकारण्यास फार विलंब लागे, अशीही तक्रार होती. त्यामुळे काही प्रोग्रामरांनी आपापल्या दुरुस्त्यांचा निराळा संग्रह ठेवून त्यांसह संच वाटण्यास आरंभ केला. ‘गो-ओओ’ या नावाने तो ओळखला जाई. घर एकच, परंतु स्वयंपाक दोन चुलींवर, अशी स्थिती काही वर्षे चालली.

२०१० च्या जानेवारीत ‘ओरॅकल’ या मोठ्या कंपनीने सन कंपनी विकत घेतली, आणि ओपनऑफिसचे नाव व हक्क तिच्याकडे गेले. ओरॅकलने सनची आणखी एक मुक्त प्रणाली, ओपन-सोलारिस, त्याच वर्षी सोडून दिली. तेव्हा ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांच्या मनात शंका उत्पन्न झाली. दहा वर्षे खपून उभे केलेले काम एका कंपनीच्या मर्जीवर ठेवावे काय? मर्जी फिरली तर काय करावे? लक्षावधी लोकांची पत्रे व हिशेब या संचावर अवलंबून होते. तेव्हा हा प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता.

बरीच चर्चा होऊन २८ सप्टेंबर २०१० रोजी या मंडळींनी ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ या स्वतंत्र संस्थेची घोषणा केली. ओरॅकललाही त्यांनी या संस्थेत येण्याचे आणि ओपनऑफिस हे नाव संस्थेला देण्याचे आमंत्रण दिले. नाव मिळेपर्यंत तात्पुरते म्हणून लिब्रे-ऑफिस हे नाव योजले गेले. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट, नव्या संस्थेत गेलेल्यांनी जुन्या कामाच्या समितीवरून दूर व्हावे, कारण दोन्हीकडे राहण्यात हितसंबंधांचा विरोध येतो, अशी भूमिका ऑक्टोबरातील बैठकीत घेण्यात आली. महिन्याच्या अखेरीस जर्मन भाषेच्या विभागातील ३३ कार्यकर्त्यांनी एकत्र पत्र लिहून जुन्या कामाचा निरोप घेतला. तात्पुरते नाव कायमचे झाले.

येथे परवान्याचे महत्त्व ध्यानात येते. नाव कंपनीचे, मालकीहक्क कंपनीचा. परंतु आज्ञावली घेऊन निराळी वाट धरण्याची मुभा २००० साली एकदा दिलेली होती, ती कोणालाही काढून घेता येत नव्हती. झाडाला फाटा फुटावा तसा मूळ कामाला हा फाटा फुटला. गो-ओओमधील दुरुस्त्याही त्यात मिसळल्या आणि दुसरी चूल विझली. जानेवारी २०११ मध्ये लिब्रे-ऑफिसची पहिली आवृत्ती निघाली. जर्मन कायद्याप्रमाणे संस्था स्थापावयाची, तर ५०,००० युरोंचे मूळ भांडवल हवे होते. लोकांना आवाहन करताच ते आठ दिवसांत जमा झाले. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत बर्लिन येथे संस्थेची रीतसर नोंदणी झाली. इकडे ओरॅकलने २०११ च्या जूनमध्ये ओपनऑफिस ‘अपाची’ या संस्थेच्या स्वाधीन केले, आणि ते त्या नावाने निराळे राहिले. दोन्ही फाटे पुन्हा जुळावेत असे अनेकांना वाटे. परंतु दोहोंचे परवाने आणि काम करण्याच्या रीती भिन्न असल्यामुळे तसे घडले नाही. एकाच हेतूने काम करणाऱ्यांची शक्ती अशी विभागली जावी, हे हानिकारकच म्हटले पाहिजे.

नव्या संस्थेने मालकीचा करार रद्द केला. प्रत्येकाचे काम त्याच्याच मालकीचे राहते. ‘हे माझे काम मी ठरलेल्या मुक्त परवान्याखाली देत आहे’ एवढे निवेदन पुरते. दार रुंद झाले खरे. परंतु आत पाऊल टाकणारा नवखा मनुष्य गोंधळून जाई. एक तर आज्ञावली लक्षावधी ओळींची. साध्या संगणकावर तिचे संपूर्ण रूपांतर करावयाचे तर तास-तास लागत. त्यात आणखी एक गमतीची अडचण होती. प्रोग्रामर आपल्या आज्ञावलीत मधूनमधून माणसांसाठी टिपा लिहून ठेवतात. संगणक त्या वाचीत नाही, परंतु ही ओळ का लिहिली हे पुढच्या माणसाला त्यावरून कळते. ल्यूनेबर्ग आणि हँबर्ग येथील मूळ मंडळींनी या टिपा आपल्या मायबोलीत, म्हणजे जर्मन भाषेत लिहिल्या होत्या. ब्राझील किंवा भारतातील तरुणाला त्यांचा काय उपयोग? तेव्हा टिपांचे इंग्रजी भाषांतर करणे हे एक काम म्हणून जाहीर झाले. ज्याला आज्ञावली लिहिण्याचे धैर्य नाही, परंतु जर्मन येते, असा मनुष्यही या कामी उपयोगी पडला. कित्येक वर्षे हे भाषांतर चालू होते.

नवख्यांसाठी सोप्या कामांची एक यादीही ठेवण्यात आली. अनुभवी प्रोग्रामर एखादा लहान दोष स्वतः चटकन दुरुस्त करू शकतो; तसे न करता तो दोष कोठे आहे आणि कोणत्या दिशेने पाहावे एवढेच लिहून ठेवतो आणि काम दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. वरवर पाहता यात वेळेचा अपव्यय दिसतो. परंतु सुतार आपल्या मुलाला पहिल्याच दिवशी पलंग करावयास सांगत नाही. पाट, चौरंग अशा वस्तूंवर त्याचा हात बसवतो. त्याचप्रमाणे या यादीतून आरंभ केलेले कित्येकजण पुढे मोठ्या विभागांचे जाणकार झाले.

कोणतीही दुरुस्ती, मग ती नवख्याची असो वा जाणत्याची, एकदम संचात घेतली जात नाही. ती प्रथम सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवली जाते. यंत्रे आपोआप निरनिराळ्या प्रणालींवर तिची परीक्षा घेतात. त्यानंतर दुसरा प्रोग्रामर ती ओळीओळीने वाचतो, शंका विचारतो आणि सुधारणा सुचवतो. कधी कधी चार ओळींच्या दुरुस्तीवर चाळीस ओळींची चर्चा होते. मुख्य प्रोग्रामरांची बैठक दर आठवड्यास भरते आणि तिचा वृत्तांत सर्वांसाठी प्रसिद्ध केला जातो. मतभेद कागदावर उतरला की त्याची धार कमी होते, आणि पाच वर्षांनी येणाऱ्याला निर्णय का घेतला हेही समजते.

या चर्चा कशा प्रकारच्या असतात, ते एका उदाहरणावरून दिसेल. हिशेबाच्या तक्त्यात तारखा साठवताना संगणक प्रत्येक दिवसाला एक क्रमांक देतो. १९८३ साली निघालेल्या ‘लोटस १-२-३’ या प्रोग्रामात १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरला होता. त्यात १९०० हे लीप वर्ष मानण्याची चूक राहिली होती. ज्या शतकवर्षाला ४०० ने निःशेष भाग जात नाही ते लीप वर्ष नसते, म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उगवलाच नाही. परंतु लोटसच्या तक्त्यात त्याला ६० हा क्रमांक मिळाला होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने, जुन्या फाइली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून, ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. आता नव्याने तक्ता करणाऱ्याने काय करावे? चूक सुधारावी, तर दुसऱ्याकडून आलेल्या प्रत्येक फाइलीतील तारीख एका दिवसाने सरकणार. चूक ठेवावी, तर पंचांगाशी अप्रामाणिकपणा होणार. लिब्रे-ऑफिसच्या तक्त्यात, ज्याला ‘कॅल्क’ म्हणतात, मोजणीचा शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ हा धरलेला आहे. मोजून पाहावे : ३१ डिसेंबरला १, १ जानेवारी १९०० ला २, २८ फेब्रुवारीला ६० आणि १ मार्चला ६१. एक्सेलमध्येही १ मार्चचा क्रमांक ६१ च येतो. म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढची प्रत्येक तारीख दोन्हीकडे जुळते, आणि जो दिवस कधी झालाच नाही त्याला जागाही द्यावी लागत नाही. फरक उरतो तो फक्त आरंभीच्या दोन महिन्यांत, आणि त्या काळातील तारखा तक्त्यात क्वचितच कोणी लिहितो.

प्रत्येक प्रश्नाला असे नेमके उत्तर सापडत नाही. कॅल्कच्या एका पानावर पूर्वी १,०२४ स्तंभ मावत. २००७ च्या एक्सेलने १६,३८४ स्तंभ देऊ केले. त्यामुळे रुंद तक्ता कॅल्कमध्ये उघडला की १,०२४ च्या पलीकडील मजकूर गळून पडे. वापरणाऱ्याला सूचना मिळे, परंतु सूचनेने आकडे परत येत नाहीत. मग स्तंभांची संख्या वाढवण्यास अडचण कसली? अडचण अशी की, जुनी मर्यादा आज्ञावलीच्या असंख्य कोपऱ्यांत गृहीत धरलेली होती, आणि रिकाम्या स्तंभांसाठीही संगणकाची स्मृती आधीच राखून ठेवली जाई. संख्या नुसती सोळापट केली असती, तर लहानसा तक्ताही जड होऊन रेंगाळला असता. तेव्हा प्रथम, लागेल तेव्हाच स्तंभ निर्माण व्हावा अशी व्यवस्था करणे भाग होते. भिंतीआडच्या नळांसारखे हे काम. महिनोन् महिने चालते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अखेर २०२२ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या ७.४ या आवृत्तीत १६,३८४ स्तंभ सर्वांना मिळाले. तोवर मागणी करणाऱ्यांना अनेक वर्षे धीर धरावा लागला.

सर्वच गरजा मूळ संचात भागवाव्यात असा आग्रह नाही. एखाद्या भाषेचा शब्दकोश, व्याकरण तपासणारे साधन किंवा एखाद्या व्यवसायापुरता उपयोगी पडणारा नमुना यांसाठी संचाला बाहेरून जोडता येतील अशा लहान पुरवण्या करता येतात. त्या पायथॉन, जावा किंवा बेसिक या भाषांत लिहिता येतात आणि नको झाल्यास काढून टाकता येतात. घराला पडवी जोडावी तशी ही सोय आहे. पडवीसाठी घराचा पाया उकरावा लागत नाही.

संचाहूनही मोलाची गोष्ट म्हणजे त्यात लिहिलेला मजकूर. प्रोग्राम नाहीसा झाला तर दुसरा मिळेल. परंतु मजकूर ज्या गुप्त पद्धतीने साठवला आहे, ती पद्धत जाणणारा प्रोग्रामच नाहीसा झाला तर? मोडी लिपीतील दप्तरे ग्रंथालयांत सुरक्षित असूनही वाचणाऱ्यांअभावी मुकी राहतात. ही तशीच आपत्ती, परंतु शतकांऐवजी दहा-वीस वर्षांत ओढवणारी. म्हणून ओपनऑफिसच्या काळीच मजकूर साठवण्याची एक उघड पद्धत ठरवण्यात आली. तिला ‘ओपन डॉक्युमेंट’ म्हणतात आणि २००६ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या पद्धतीची फाइल म्हणजे खरोखर एक गाठोडे असते. एखाद्या पत्राच्या फाइलीची प्रत काढून, तिच्या नावाच्या शेवटी ‘ओडीटी’ ऐवजी ‘झिप’ ही अक्षरे घालून ती उघडली, तर आत निरनिराळे कागद दिसतात : एकात मजकूर, दुसऱ्यात अक्षरांचे आकार व समास यांची माहिती, तिसऱ्यात लेखकाचे नाव व तारीख. मजकुराचा कागद साध्या अक्षरांत असल्यामुळे कोणताही ऑफिस संच नसला तरी तो वाचता येतो.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक चर्चा देवनागरीच्या मांडणीविषयी झाली. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द तयार होतो. देवनागरीचे तसे नाही. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते, परंतु दिसताना वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरांत व्यंजने एकमेकांत मिसळतात. हे काम करणारे यंत्र प्रोग्रामात निराळे असते, आणि लिब्रे-ऑफिसमध्ये पूर्वी प्रत्येक प्रणालीवर ते वेगवेगळे होते. त्यामुळे एका संगणकावर नीट दिसणारा परिच्छेद दुसऱ्यावर निराळ्या ठिकाणी तुटे. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर ‘हार्फबझ’ हे एकच मांडणीयंत्र वापरले जाऊ लागले. हा शब्द फारसी आहे.

तथापि यंत्र एक झाले म्हणून जाणकारांची गरज संपत नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद युरोपातील प्रोग्रामरला कोण सांगणार? पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात मराठीचा खास अर्धा र; पहिला शब्द गुरूविषयी, दुसरा स्वयंपाक्याविषयी. तेथे रफार उमटला तर स्वयंपाकी गुरू होऊन बसतो. असा दोष आढळला म्हणजे तो कळवणाऱ्याला मोठी विद्या लागत नाही. कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने लिहिली, काय दिसले, काय दिसावयास हवे होते, आणि आवृत्ती कोणती, एवढे नेमके लिहून सोबत चित्र जोडले की पुरे. संचातील शब्दांचे मराठी व कोकणी रूपही अशाच मंडळींनी घडवले आहे. आणि एखाद्या इंग्रजी शब्दाला संस्कृतोद्भव प्रतिशब्द द्यावा की लोकांच्या तोंडी रुळलेला शब्दच देवनागरीत लिहावा, याविषयी त्यांच्यात अजूनही एकमत नसते.